कॉम्प्युटर चालता चालता अचानक बंद पडतो: फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

ऐन कामात स्क्रीन काळी होते, पंखे थांबतात आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. बटण दाबलं की मशीन काहीच झालं नाही अशा थाटात सुरू होतं, दोन-चार दिवस नीट चालतं आणि मग पुन्हा तेच. या तक्रारीवर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘विंडोज नव्याने टाका’. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. कुणीतरी वीज तोडावी तसा कॉम्प्युटर एका क्षणात बंद पडत असेल, तर दोष सहसा उष्णतेत, वीजपुरवठ्यात किंवा एखाद्या सैल जोडणीत असतो. विंडोज बिघडलं तर मशीन अडकतं, निळा स्क्रीन (विंडोज कोसळल्याचा संदेश) दाखवतं, आपोआप रीस्टार्ट होतं. सगळे पंखे एकदम थांबणं ही हार्डवेअरची भाषा आहे. फॉरमॅट मारून उष्णता उतरत नाही आणि सैल प्लगही घट्ट बसत नाही. डेटा मात्र हकनाक जातो.

तपासताना एक शिस्त पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग मशीन पुरेसा वेळ वापरून बघा. रॅम हलवली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, ड्रायव्हरही (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) नवे टाकले आणि त्रास थांबला, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळतच नाही. महिन्याभराने तोच त्रास उलटला की पुन्हा पहिल्या पायरीवर.

आधी डेटा सुरक्षित करा

वीज तुटते त्या क्षणी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर ती फाइल अर्धवट राहते. एक-दोनदा फाइल सिस्टिम सावरून घेते, पण रोज असं होऊ लागलं की एखाद्या दिवशी विंडोज सुरूच होत नाही. म्हणून कशालाही हात घालण्याआधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. मोठी कॉपी चालू असतानाच मशीन बंद पडत असेल तर एकेक फोल्डर घ्या. तेही जमत नसेल तर आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि तिथून डेटा काढा.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही आत्ताच बघा. नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तसं असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवून ठेवा. ती सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) बदल केल्यावर किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला जोडल्यावर हीच की मागितली जाते. ती हाताशी नसेल तर डिस्क धडधाकट असूनही डेटा मिळत नाही.

नेमका कसा बंद पडतो?

‘बंद पडतो’ या एका तक्रारीत चार वेगवेगळे आजार दडलेले असतात. ते वेगळे केले की अर्धं काम झालं.

पहिला: पंखे, दिवे, स्क्रीन सगळं एका क्षणात मेलं. मशीन पुन्हा आपोआप सुरू होत नाही. इथे उष्णता, एसएमपीएस (कॅबिनेटच्या आत सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), भिंतीतला सॉकेट आणि पॉवर बटण हे चार संशयित.

दुसरा: स्क्रीन काळी होते आणि मशीन लगेच स्वतःच रीस्टार्ट होतं. हा निळा स्क्रीनसुद्धा असू शकतो, फक्त तो वाचायला वेळ मिळत नाही. स्टार्ट मेन्यूत ‘अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंगमध्ये जा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ पुढची खूण काढून टाका. पुढच्या वेळी निळा स्क्रीन आला तर तो तिथेच थांबेल आणि त्यावरचा कोड मोबाइलने टिपता येईल. तरीही मशीन काहीही न दाखवता रीस्टार्ट झालं तर ते पहिल्या गटातलं समजा.

तिसरा: ‘शटिंग डाउन’ असं दाखवून मशीन रीतसर बंद होतं. हे कुणीतरी सांगितल्यामुळे होतं. सांगणारा अपडेट असेल, वेळापत्रक लावलेला एखादा प्रोग्राम असेल, नाहीतर संपत आलेली बॅटरी.

चौथा प्रकार खरं तर बंद पडणं नसतंच. मशीन झोपलेलं असतं. कॅबिनेटवरचा दिवा मंद उघडझाप करत असेल आणि बटण दाबल्यावर उघडे ठेवलेले प्रोग्राम जसेच्या तसे परत येत असतील, तर ‘पॉवर अँड स्लीप’ची सेटिंग बघा आणि पुढचं सगळं सोडून द्या. लॅपटॉपमध्ये झाकण बंद झाल्याचं ओळखणारा चुंबकी सेन्सर असतो. चुंबकाची पट्टी असलेलं ब्रेसलेट हाताखाली आलं किंवा एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला, तरी त्या सेन्सरला झाकण मिटल्याचा भास होतो आणि स्क्रीन विझते.

आता नोंदी वाचा. स्टार्ट मेन्यूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टिम’. मशीन बंद पडल्याच्या वेळेच्या आसपास दोन नोंदी हमखास सापडतात: ‘कर्नल-पॉवर’ची ४१ आणि ‘इव्हेंटलॉग’ची ६००८. दोन्ही नोंदी पुढच्या वेळी मशीन सुरू होताना लिहिल्या जातात, आणि त्यांचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी ते रीतसर बंद झालं नव्हतं. ‘४१ दिसली म्हणजे एसएमपीएस गेला’ हा निष्कर्ष खूप जण काढतात, पण बटण दाबून धरून मशीन बंद केलं तरी हीच नोंद होते. कामाची गोष्ट तिच्या ‘डीटेल्स’ टॅबमध्ये असते. तिथे ‘बगचेककोड’ शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाच वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं. शून्याखेरीज आकडा असेल तर तो निळ्या स्क्रीनचा कोड आहे, फक्त दशमान पद्धतीत. १५९ दिसला तर हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या पद्धतीत) तो ९एफ होतो, आणि तो ड्रायव्हरच्या पॉवर-व्यवस्थापनातल्या गोंधळाचा कोड आहे. १०७४ ही नोंद सापडली तर तिच्यात कोणत्या प्रोग्रामने आणि कोणत्या कारणासाठी मशीन बंद केलं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. तपास तिथेच संपतो. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाच्या नोंदी मात्र गंभीर. प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डवरच्या जोडण्यांनी स्वतःच चूक कळवल्याची ती खूण असते.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. अगदी निरोगी मशीनच्याही इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल आणि पिवळ्या खुणांच्या नोंदी शेकड्याने असतात. फोनवरून ‘आम्ही कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असं सांगणारे भामटे नेमक्या याच नोंदी उघडायला लावतात आणि माणूस घाबरला की रिमोट अॅक्सेस मागतात. स्वतःहून फोन करून मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या कुणालाही रिमोट देऊ नका. निळ्या स्क्रीनवर फोन नंबर दिसला तर तो विंडोजचा स्क्रीन नाही, ब्राउझरमधलं सोंग आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

नोंदीबरोबर वहीत चार ओळी लिहायची सवय लावा: किती वाजता, कोणता प्रोग्राम चालू होता, सुरू करून किती वेळ झाला होता, खोलीत तेव्हा आणखी काय घडलं. जड गेम किंवा व्हिडिओ रेंडर चालू असतानाच बंद पडत असेल तर उष्णता किंवा एसएमपीएस. टेबलाला धक्का लागल्यावर पडत असेल तर सैल जोडणी. एसी किंवा मोठी मोटर सुरू होण्याच्या वेळेशी मेळ बसत असेल तर विजेचा दाब क्षणभर बसतोय.

उष्णता

उष्णतेची एक ठळक ओळख आहे. बंद पडल्यावर लगेच सुरू केलं तर मशीन दोन-तीन मिनिटांत पुन्हा जातं, आणि अर्धा तास थंड होऊ दिलं की बराच वेळ टिकतं. दुसरी खूण म्हणजे बंद पडण्याआधी मशीन मंद होतं आणि पंखे जोरात घोंगावतात. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग उतरवतो. तरीही तापमान चढत राहिलं तर नुकसान टाळण्यासाठी वीजच तोडायला लावतो. त्यामुळे सगळं सुरळीत, वेगात चालू असताना मशीन अचानक गेलं तर प्रोसेसरच्या उष्णतेवरचा संशय कमी होतो.

अंदाज बांधत बसू नका, मोजा. ‘एचडब्ल्यूइन्फो’ किंवा ‘एचडब्ल्यूमॉनिटर’ हे प्रोग्राम फुकट आहेत. ते त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या, ‘फ्री डाउनलोड’च्या मोठ्या हिरव्या बटणांपासून लांब राहा. काही काम चालू नसताना प्रोसेसर ३५ ते ५० अंश सेल्सियसवर असावा. पूर्ण लोडवर ८० ते ८५ अंश चालतं. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची वरची मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या रायझनची ९० ते ९५. एचडब्ल्यूइन्फोमध्ये सेन्सरचे आकडे फाइलमध्ये लिहीत राहण्याची सोय आहे. ती चालू ठेवली की मशीन बंद पडण्याच्या आधीच्या शेवटच्या सेकंदांतलं तापमान नंतर वाचता येतं. शेवटची ओळ ९९ अंश म्हणत असेल तर गुन्हेगार सापडला. ६२ म्हणत असेल तर प्रोसेसर निर्दोष, पुढे चला.

गुन्हेगार उष्णताच असेल तर पहिला उपाय सफाई. मशीन बंद करा, एसएमपीएसची मागची वायर काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट मोकळ्या हवेत न्या. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. मग कॉम्प्रेस्ड हवेचा डबा उभा धरून थोडे थोडे फवारे मारा. डबा आडवा झाला तर आतला द्रव बाहेर येतो. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने तो गरागरा फिरू देऊ नका. त्याचे बेअरिंग खराब होतात आणि फिरणारा पंखा उलट मदरबोर्डकडे वीज सोडू शकतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत फिरवू नका, त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर स्थिर वीज साठते. ओलं फडकं तर नकोच.

सफाईत हमखास राहून जाणारी जागा म्हणजे प्रोसेसरचा पंखा आणि त्याखालचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली फट. वरून पाहिलं तर पंखा बऱ्यापैकी स्वच्छ वाटतो. चार स्क्रू काढून तो उचलला की हीटसिंकच्या पत्र्यांवर नमद्यासारखा एकसंध राखाडी थर दिसतो, आणि तो चिमटीत धरून सोलून काढता येतो. त्या थरातून हवा जातच नाही, पंखा कितीही जोरात फिरला तरी. मऊ ब्रशने तो सैल करा आणि मग हवा मारा. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीमागचं फिल्टर आणि एसएमपीएसच्या तळाची जाळी याही जागा अशाच विसरल्या जातात.

सफाईनंतरही आकडे उतरले नाहीत तर हीटसिंक नीट बसला आहे का ते बघा. इंटेलच्या साध्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, आणि त्यातली एक जरी सुटली तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जातो. अशा वेळी मशीन सुरू केल्याबरोबर काही सेकंदांत तापमान नव्वदीपार जातं. खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि मदरबोर्डच्या मागून चारही टोकं बाहेर आली आहेत याची खात्री करा.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांत वाळते, आणि हीटसिंक एकदा काढला तर ती बदलावीच लागते. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. मधोमध चार-पाच मिलिमीटरचा एक ठिपका पुरतो. हीटसिंकचा दाबच तो पसरवतो. जास्त पेस्ट लावल्याने थंडावा वाढत नाही, नुसता पसारा होतो. एएम४ सॉकेटचे जुने रायझन असतील तर खास सांभाळा: पेस्ट चिकटून बसली की कूलर उचलताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सैल करा. सरळ वर ओढू नका.

वॉटर कूलर असेल तर पंपाकडे लक्ष द्या. एक नळी चटका बसेल इतकी गरम आणि दुसरी गार असेल तर पाणी फिरत नाही. बायोसमध्ये पंपाच्या फेऱ्या शून्य दिसतात का तेही पाहा.

भिंतीपासून एसएमपीएसपर्यंत

कॅबिनेट उघडण्याआधीही ही तपासणी करता येते, आणि अनेकदा ती इथेच संपते. एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस, स्टॅबिलायझर सगळं बाजूला काढून मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि दोन दिवस वापरा. त्रास थांबला तर काढलेल्या वस्तूंपैकी एक दोषी. एसएमपीएसच्या मागे खोचलेली वायर हलवून बघा. ती सैल बसत असेल तर बदला. सॉकेटजवळ जळका वास, काळे डाग किंवा प्लगच्या पिना गरम लागत असतील तर तो सॉकेट वापरणं ताबडतोब थांबवा आणि वायरमनला बोलवा.

यूपीएस स्वतःच कारण असण्याची शक्यता लोक गृहीत धरत नाहीत. त्यातली लेड-अॅसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. नंतर यूपीएसवर हिरवा दिवा दिसत राहतो, पण वीज क्षणभर गेली की बॅटरी लोड पेलत नाही आणि मशीन पडतं. मशीन न जोडता, एखादा दिवा किंवा टेबल फॅन जोडून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. दिवा लगेच विझला तर बॅटरी संपली. लेझर प्रिंटर कधीही यूपीएसच्या बॅटरीवर लावू नका, छपाईआधी तापताना तो मोठा प्रवाह ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळ्यालाच घेऊन जातो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा झटका बसत असेल तर सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते तुटलं आहे. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून येणारी किंचित गळती जमिनीत जाण्याऐवजी पत्र्यावर थांबते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरने लावला की हेच होतं. हे चालवून घेऊ नका, आधी अर्थिंग करून घ्या.

आता एसएमपीएस. त्याची एक खास खूण आहे: मशीन बंद पडल्यावर कॅबिनेटचं बटण कितीही दाबलं तरी सुरू होत नाही, पण मागचा स्विच बंद करून अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा चालू केला की सुरू होतं. एसएमपीएसच्या आतल्या संरक्षक सर्किटने स्वतःला कुलूप घातलं होतं, आणि मेन वीज तोडल्यावरच ते उघडलं, असा त्याचा अर्थ. हे जास्त प्रवाहामुळे झालं असेल किंवा शॉर्टमुळे.

लोडखालची परीक्षा अशी. प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी एकटी वीस मिनिटं चालवा, मग ग्राफिक्स कार्डची एकटी, मग दोन्ही एकत्र. ‘ओसीसीटी’ या प्रोग्राममध्ये तिन्ही सोयी आहेत. समोर बसूनच चालवा आणि तापमान मर्यादेला टेकलं की थांबवा. एकेकट्या चाचणीत मशीन टिकतं आणि दोन्ही एकत्र लागल्यावर तापमान ठीक असतानाही जातं, तर एसएमपीएस कमी पडतोय. मात्र नवा विकत घेण्याआधी ग्राफिक्स कार्डच्या वायरी बघा. आठ पिनांचा एक प्लग १५० वॉटपर्यंतचा असतो, सहा पिनांचा ७५ वॉटचा, आणि स्लॉटमधून आणखी ७५ वॉट मिळतात. एकाच वायरीच्या शेपटाला दोन प्लग असतात ते दोन्ही कार्डाला लावले की सगळा भार एका वायरीवर येतो. एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र वायरी ओढून बघा. मदरबोर्डचा २४ पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा प्लगही ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर लोड चालू असताना दाब मोजा. १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ मध्ये, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये आणि ३.३ व्होल्टची ३.१४ ते ३.४७ मध्ये राहिली पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबू नका. तिथे १२ च्या जागी ८ दिसत असेल आणि मशीन चालू असेल, तर तो सेन्सर वाचण्यातला घोळ आहे. २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस सुरू करण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. त्याने पंखा फिरला म्हणजे तो फक्त सुरू होतो एवढंच कळतं. लोड पेलतो का, ते नाही. खरी परीक्षा म्हणजे पुरेशा वॉटचा दुसरा, चांगला एसएमपीएस लावून बघणं. मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्या स्वतःच्याच वायरी लावा. दुसऱ्या मॉडेलच्या वायरी त्याच भोकात चपखल बसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क क्षणात जळते.

एसएमपीएसचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. धूळ काढायची ती बाहेरून, जाळीतून.

रॅम, बटण आणि यूएसबीचं भोक

रॅम सहसा वीज तोडत नाही. ती निळे स्क्रीन आणि रीस्टार्ट देते, आणि प्रत्येक वेळी कोड वेगळा असतो. ‘मेमटेस्ट८६’ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक दिसली तर रॅम नापास. मग एकेक स्टिक वेगळी लावून कोणती दोषी ते शोधा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवण्याची सेटिंग) चालू असेल तर ते बंद करून पुन्हा चाचणी घ्या, कारण काही वेळा स्टिक चांगली असते, फक्त जाहीर केलेला जादा वेग त्या मदरबोर्डला झेपत नाही.

पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बटणाच्या आत घाण जाऊन ते दाबलेलंच राहिलं तर मशीन सुरू होऊन चार-पाच सेकंदांत आपणच बंद होतं, आणि दोष मदरबोर्डवर जातो. मदरबोर्डवरून त्या बटणाची दोन पिनांची वायर काढा आणि रीसेटच्या बटणाची वायर त्या जागी लावून मशीन सुरू करा. टिकलं तर बटणच बदलायचं.

कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. आतली प्लॅस्टिकची जीभ तुटून पिना एकमेकींना टेकल्या असतील तर शॉर्ट होतो. काही मदरबोर्ड अशा वेळी यूएसबीवर जास्त प्रवाह गेल्याची सूचना दाखवून १५ सेकंदांत स्वतःला बंद करतात. पुढच्या पोर्टची वायर मदरबोर्डवरून काढली की प्रश्न मिटतो.

मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागे पडतं आणि बायोसची सेटिंग विसरली जाते. त्यामुळे चालू मशीन बंद पडत नाही, तरी या तक्रारीवर तोच आधी बदलला जातो.

लॅपटॉप असेल तर

उष्णतेचं सगळं वरचंच, फक्त जागा कमी. अंथरुणावर किंवा उशीवर ठेवला की खालची जाळी बुजते. अडॅप्टरवर लिहिलेले वॉट मूळ अडॅप्टरइतके किंवा जास्त हवेत आणि व्होल्ट तेवढेच. बॅटरी तीस-चाळीस टक्के दाखवत असताना लॅपटॉप एकदम जात असेल आणि अडॅप्टर लावून ठीक चालत असेल तर बॅटरीचे सेल थकले आहेत. टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट मिटेना, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी वापर थांबवा, चार्जर काढा. ती दाबून बसवू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. लिथियम सेल फाटला की पेट घेतो. ई-कचरा घेणाऱ्यांकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रातच द्या.

सॉफ्टवेअरचा वाटा

तो अगदीच नाही असं नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये पसरलेल्या ब्लास्टर वर्ममुळे विंडोज एक्सपीची मशीन साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून रीस्टार्ट होत. आजचा धोका वेगळा आहे: गुपचूप क्रिप्टो-मायनिंग (आभासी चलन मिळवण्याची जड आकडेमोड) करणारा प्रोग्राम मशीन सतत पूर्ण लोडवर ठेवतो आणि उष्णतेने ते पडतं. काही काम नसताना पंखे घोंगावत असतील आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होत असतील तर याचा संशय घ्या. असे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर दिसला की दबा धरतात. विंडोज सिक्युरिटीमधलं ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. क्रॅक केलेले प्रोग्राम हा त्यांच्या शिरकावाचा नेहमीचा रस्ता. विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे ध्यानात ठेवा.

निळ्या स्क्रीनचा कोड दर वेळी एकच असेल तर ग्राफिक्स, वायफाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारे प्रोग्राम टाळा. अशी तपासणी चालू असताना ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ वापरा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना शट डाउन केलं की विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच पुन्हा उठवला जातो. बायोस अपडेट मात्र मशीन मधेच बंद पडत असताना कधीही करू नका. अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

कारण सापडल्यावर

त्रास थांबला की डिस्कची तब्येत बघा, कारण इतक्या वेळा वीज तुटल्याचा मार तिने खाल्लेला असतो. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये हार्ड डिस्कच्या ०५ आणि सी५ या ओळींचे (डिस्कवरच्या खराब जागांची मोजदाद) कच्चे आकडे शून्य असावेत. सी५ शून्याहून जास्त असेल तर आधी उरलेला डेटा काढा. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क’ (विंडोजची डिस्क तपासणी) चालवली तर ती आणखी खचते. आकडे शून्य असतील तर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टूल्स’खालचं ‘एरर चेकिंग’ चालवून घ्या.

एवढ्यानेही कारण सापडलं नाही तर उरतो मदरबोर्ड. प्रोसेसरच्या आसपासच्या नळकांडी कपॅसिटरांची डोकी सपाट असायला हवीत. फुगलेली किंवा तपकिरी द्रव गळालेली दिसली तर मशीन दुरुस्तीला द्या. देताना वहीतल्या नोंदी आणि काय काय तपासलं त्याची यादी सोबत द्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा होणार नाही. शक्य असेल तर डिस्क काढून घरी ठेवा. वीज तुटण्याचा दोष शोधायला पेनड्राइव्हवरची सिस्टिम पुरते. डिस्क द्यावीच लागली तर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आधी काढून टाका, ईमेल आणि बँकेच्या खात्यांतून साइन आउट करा, आणि लॉगिनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवण्याऐवजी दुरुस्तीपुरतं एक वेगळं, साधं खातं तयार करून द्या. मशीन परत आलं की ते खातं काढून टाका.